पार्सल आलं नाही? दाद यवतमाळातच मागा

झरी जामणीच्या शेतकऱ्याने फवारणीचा पंप ऑनलाइन मागवला, पैसे आधीच भरले आणि पंप आलाच नाही, असं समजा. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असलं, तरी त्याला तिथे जावं लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती.

आधी पुरावा जमवा. ऑर्डर क्रमांक, पैसे भरल्याचा मेसेज, कबूल केलेली तारीख आणि ट्रॅकिंगचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पार्सल हातात पडण्याआधी ओटीपी सांगू नका. न मिळालेलं पार्सल ‘डिलिव्हर्ड’ दिसलं, तर त्याच दिवशी लेखी कळवा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलं आहे. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. ठरलेली तारीख उलटून माल आला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. अपवाद फक्त पूर वगैरे आवाक्याबाहेरच्या कारणांचा.

तरीही दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कंपनीशी बोलून तडजोड घडवते, पण आदेश देऊ शकत नाही. वेबसाइटच बनावट निघाली, तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन करा.

आदेश हवा असेल, तर यवतमाळचा जिल्हा आयोग आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने व्हावी, अशी विनंतीही करता येते. उमरखेड-वणीकडच्या माणसाचा त्यात एसटीचा खर्च आणि दिवसाची मजुरी वाचते. पैशांसोबत मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्चही मागा. मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे.

सहाशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, म्हणून अनेक जण गप्प राहतात. पण ते सहाशे घामाचे असतात, आणि ते परत मागायचा रस्ता कायद्याने आपल्याच जिल्ह्यात आणून ठेवला आहे.