शाळेचा खर्च आणि गांवाची मूठ

खातेदारानें आपला आठ-अचा उतारा एकदां नीट वाचून पाहावा. आकारापुढें ‘स्थानिक कर’ म्हणून जे रकाने असतात, त्यांकडे सहसा कोणाची दृष्टि जात नाहीं. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करतांना हे रकाने हजारों वेळां भरले. पण त्यांचा आपल्या शाळेशीं कांहीं संबंध आहे, हें पुष्कळ वर्षें आमच्याहि ध्यानांत आलें नव्हतें.

मुंबई इलाख्यांत १८६३ च्या सुमारास साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड बसविण्यांत आला आणि १८६९ सालीं त्यास कायद्याचा आधार मिळाला. त्याचा तिसरा हिस्सा शाळांकडे व बाकीचा रस्त्यांसारख्या कामांकडे जाई. तेव्हां खेड्यांतील शाळा शेतकऱ्याच्या पैशावर चालत आली आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें हेंच गाऱ्हाणें मांडलें, कीं उत्पन्न रयतेच्या घामाचें आणि विद्येवरील खर्च मात्र वरच्या वर्गांसाठीं. आज शिक्षकांचा पगार सरकार देतें व स्थानिक कर जिल्हा परिषदेकडे जातो. पण मूळ साराच इतका अल्प राहिला आहे, कीं त्यावरील करांतून वर्गाचें एक दारहि होणार नाहीं.

कर पुरत नाहीं तेथें काय करावें, याचें उत्तर सातारा जिल्ह्यानें दिलेलें आहे. भाऊराव पाटील यांनीं ४ ऑक्टोबर १९१९ रोजीं कऱ्हाड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें. सर्व जातींचीं मुलें तेथें एकत्र राहात व एका पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. या मुलांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरील दागिने तर दिलेच, शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. परंतु एका घराच्या त्यागावर संस्था किती दिवस चालणार? म्हणून मुष्टिफंड निघाला. दळावयास बसण्यापूर्वीं बाईनें एक मूठ धान्य शाळेसाठीं निराळें काढून ठेवावयाचें, एवढीच ती योजना. वाचकांनीं हिशेब करून पाहावा : मूठ ५० ग्रॅमची धरली तर १०० घरांचें रोज ५ किलो, महिन्यास दीड क्विंटल. घरास हा खर्च जाणवत नाहीं. पुढें संस्थेनें गांवोगांव व्हॉलंटरी शाळा काढल्या व त्यांची संख्या ५७८ पर्यंत गेली.

आतां अप्रिय गोष्ट. आपल्यापैकीं ज्यांच्याकडे चार एकर बागाईत आहे, त्यांचीं मुलें पिवळ्या गाडींत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत जातात. गांवच्या शाळेंत उरतात तीं बहुधा आपल्याच शेतांत राबणाऱ्या मजुरांचीं मुलें. मग बड्या खातेदारास वाटतें, आपणांस त्या शाळेचें काय? पट घसरला कीं शाळेकडे कोणी पाहात नाहीं, आणि कोणी पाहात नाहीं म्हणून पट आणखी घसरतो. मूल तेथें नसलें म्हणून वर्गणी चुकविणें आम्हांस मान्य नाहीं. मुष्टिफंडांत मूठ घालणाऱ्या सर्वच बायांचीं मुलें कांहीं वसतिगृहांत नव्हतीं.

वर्गणी न देण्याचें दुसरें कारण मात्र खरें आहे. आम्ही नोकरीनिमित्त राहिलों अशा एका गांवीं शाळेच्या कुंपणासाठीं घरटीं पैसे जमले. कुंपण अर्धेंच झालें, हिशेब कोणासच दिसला नाहीं, आणि पुढें दहा वर्षें त्या गांवांत खडूसाठींहि कोणी खिशांत हात घातला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें शाळा व्यवस्थापन समितींत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करणें व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणें हें त्या समितीचेंच काम होय. वर्गणीचाहि हिशेब तिनेंच ठेवावा व दर महिन्यास शाळेच्या भिंतीवर लावावा. पावतीवांचून एक पायलीहि घेऊं नये. (हा कारकुनी स्वभाव झाला, पण तो येथें कामास येतो.)

आमच्या गांवीं एका गळक्या खोलीचे पत्रे बदलावयाचे आहेत. यंदाच्या सुगींत समितीनें खळ्याखळ्यांवर फिरून सात पोतीं ज्वारी जमविली. देणारांचीं नांवें फळ्यावर लिहिलीं आहेत, न देणारांचीं नाहींत. ज्वारी विकून पत्र्यांपुरतें भागेल, लोखंडी कैंच्यांपुरतें नाहीं. ती तूट अक्षय्य तृतीयेपर्यंत भरून निघाली, तर मृगापूर्वीं खोली झांकली जाईल.