पत्र्याचे छप्पर आणि घराचा विमा

मे महिना संपत आला की अंधेरी-बोरिवलीच्या आणि घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांतून एकच लगबग सुरू होते. कोणी पत्र्याच्या भोकांत डांबर भरून घेतो, कोणी गंजलेला पत्रा बदलतो, कोणी छपरावर निळी ताडपत्री अंथरून तिच्यावर विटा रचतो. जुन्या गृहनिर्माण संस्थांच्या गच्च्यांवर तर गळती थांबविण्यासाठी लोखंडी सांगाड्यावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिलेल्या दिसतात. या खर्चाचा हिशेब घरोघरी चोख असतो. परंतु या छपराचा आणि घराच्या विम्याचा काही संबंध आहे काय, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ज्यांनी केला असेल त्यांच्यात दोन समजुती आढळतात. पत्र्याच्या घराचा विमा उतरविता येत नाही, ही पहिली. आणि नवा, जाड, रंगीत पत्रा बसविला की विम्याचा हप्ता आपोआप उतरतो, ही दुसरी. या दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

विम्याच्या भाषेत घरे मुख्यतः दोन प्रकारची, पक्की आणि कच्ची. लाकडी फळ्या, झावळ्या, गवत, बांबू, प्लॅस्टिकचे कापड, डांबरी कापड, कॅनव्हास किंवा ताडपत्री यांच्या भिंती वा छप्पर असलेले बांधकाम कच्चे मानले जाते. या यादीत धातूचा पत्रा नाही. म्हणजेच विटांच्या वा सिमेंटच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रा असलेली उपनगरातील बैठी खोली केवळ पत्र्यामुळे कच्ची ठरत नाही. बांबूवर नुसती ताडपत्री ताणलेली असेल, तर मात्र ती कच्च्यात मोडते. शेजारी शेजारी असलेल्या दोन खोल्यांत हा फरक पडू शकतो, आणि तो विमाकंपनीच्या दृष्टीने लहान नाही. कारण गवत आणि ताडपत्री ठिणगीने पेटतात, पत्रा पेटत नाही.

ही विभागणी आजची नव्हे. सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले, तेव्हापासून पुढे २००६ अखेरपर्यंत आगीच्या विम्याचे दर ठरावीक दरपत्रकानुसार आकारले जात, आणि त्यात कच्च्या बांधकामाला जादा आकार असे. १ जानेवारी २००७ पासून दर ठरविण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. १ एप्रिल २०२१ पासून मात्र भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने ‘भारत गृह रक्षा’ या नावाचे एकसारख्या अटींचे विमापत्र देणे अशा सर्व कंपन्यांना बंधनकारक केले. अटी सर्वत्र सारख्या. हप्त्याचा दर तेवढा कंपनीगणिक वेगळा. यास्तव हप्त्यासाठी चार ठिकाणी चौकशी करणे हे शहाणपणाचे ठरते.

आता दुसरी समजूत. अमेरिकेतील टेक्साससारख्या राज्यांत गारांचा मारा मोठा असतो. तेथे गारांना दाद न देणारे छप्पर, मग ते धातूचे असो वा अन्य, बसविणाऱ्या घरमालकास हप्त्यात सवलत मिळू शकते. अर्थात तेथेही ही सवलत अनेकदा एका अटीसह येते: पत्र्याला नुसते पोचे पडले आणि गळती झाली नाही, तर भरपाई नाही. आपल्याकडे असा सवलतीचा प्रघात नाही. मुंबईच्या उपनगरात घराचा हप्ता प्रामुख्याने विमारकमेवर, बांधकाम कच्चे की पक्के यावर आणि विम्याच्या मुदतीवर ठरतो. पत्रा साधा की रंगीत, यावर नव्हे. पत्रा हप्ता वाढवीत नाही, तसा उतरवीतही नाही. त्याचा खरा संबंध येतो तो पुढे, भरपाई मागण्याची वेळ येते तेव्हा.

ही वेळ वाऱ्याने येते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पन्हळी पत्र्याचे वजन चौरस मीटरला चार-पाच किलो भरते. मंगळुरी कौलांचे छप्पर रिपांसह सुमारे ६५ किलो. भारतीय मानकाने मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. एवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात जातो. शिवाय वारा छपरावरून जाताना ते खाली दाबत नाही, तर वर ओढतो, आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वाधिक असते. म्हणून पत्रा आपल्या वजनावर टिकत नाही. तो टिकतो हूकबोल्टवर. विटा आणि दगड ठेवून छप्पर सांभाळण्याची आपल्याकडची पद्धत ही या हिशेबापुढे केवळ मनाची समजूत आहे. उलट वादळात तो दगडच खाली येतो. बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, वॉशरसह बसवावा, कडेच्या ओळीत ते अधिक जवळ असावेत आणि खालचा सांगाडा भिंतीशी जखडलेला असावा, एवढे कारागिराकडून करून घेतले तरी पुष्कळ झाले.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ मुंबई चुकवून रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-मुरुड भागात पत्रे आणि कौले पाचोळ्यासारखी उडाली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला धुळीच्या वादळात जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून जीवितहानी झाली, ती अद्याप विस्मरणात गेलेली नाही.

वादळ, चक्रीवादळ, पूर, वीज, आग, भूकंप, दरड कोसळणे, छपरावर झाड पडणे या सर्वांपासून होणारे नुकसान ‘भारत गृह रक्षा’त समाविष्ट आहे. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील रहिवाशांनी यातील दरडीचा उल्लेख विशेष लक्षात घ्यावा. वाऱ्याने पत्रे गेले आणि पावसात घरातील कपाट, दूरदर्शन संच भिजले, तर सामानाची भरपाईही मागता येते. इमारतीचा विमा असेल तर त्याच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंतचे सामान आपोआप विम्यात येते. भाडेकरू केवळ आपल्या सामानाचाही विमा घेऊ शकतो. मात्र वर्षानुवर्षे गंजून झिरपणारा पत्रा हे वादळाचे नुकसान नव्हे, ती देखभालीची उणीव होय. तिची भरपाई कोणतीही कंपनी देणार नाही. त्याचप्रमाणे आपला पत्रा उडून शेजाऱ्याच्या मोटारीवर पडला, तर ते दायित्व या विमापत्रात येत नाही.

विमारक्कम ठरविताना उपनगरात एक चूक हमखास होते. खोलीचा बाजारभाव पाऊण कोटी, म्हणून विमाही पाऊण कोटींचा, असा हिशेब मांडला जातो आणि हप्ता ऐकून बेत सोडून दिला जातो. वस्तुतः विमा जागेचा नसतो, बांधकामाचा असतो. समजा, ४०० चौरस फुटांचे घर पुन्हा बांधावयास चौरस फुटाला २५०० रुपये लागतात. तर विमारक्कम १० लाख रुपये. हप्ता त्यावर.

आणखी एक अट पत्र्याच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. अंगणावर वा ओसरीवर पत्रा टाकून, भिंत घालून घराचा कार्पेट एरिया १० टक्क्यांहून अधिक वाढविला, तर जादा हप्ता भरून विमापत्रात नोंद केल्याशिवाय ती वाढ विम्याबाहेर राहते. पत्रा टाकावयास चार दिवस लागतात, कंपनीस कळविणे राहून जाते, आणि भरपाईच्या वेळी नेमका तोच भाग वगळला जातो.

गृहनिर्माण संस्थांचीही स्थिती याहून वेगळी नाही. आदर्श उपविधींनुसार संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांपासून विमा उतरविणे आवश्यक असून त्याचा खर्च सदनिकांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटला जातो. गच्चीवरील शेड महानगरपालिकेच्या परवानगीने उभारलेली असावी, तिचा खर्च विमारकमेत धरलेला असावा आणि विमापत्रात तिचा स्पष्ट उल्लेख असावा. शिवाय उपविधींतील आग व भूकंपावर न थांबता वादळाचाही समावेश आहे ना, हे चिटणीसांनी पाहून घ्यावे, कारण शेडला धोका आहे तो वाऱ्याचाच.

नुकसान झाल्यास कंपनीस तात्काळ कळवावे. अधिक पाणी आत येऊ नये म्हणून तात्पुरती ताडपत्री जरूर घालावी. पण उडालेले, वाकलेले पत्रे सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भंगारवाल्यास देऊ नयेत. पत्रे बसविल्याची पावती आणि पावसाळ्यापूर्वी काढलेले छपराचे एखादे छायाचित्र जवळ असल्यास काम सोपे होते. दावा अमान्य झाला आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडूनही समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यास शुल्क नाही आणि वकील देण्याची गरज नाही.