देहाच्या कलेचे दप्तर : मर्स कनिंगहॅम यांच्या नृत्यसंस्थेचा अभिलेखसंग्रह

न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटर येथे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे प्रयोगकलांना वाहिलेले ग्रंथालय असून त्याचा जेरोम रॉबिन्स नृत्यविभाग १९४४ पासून नृत्यविषयक साहित्य जमवीत आला आहे. आधुनिक नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि त्यांची नृत्यसंस्था यांचे दप्तर याच विभागात जतन केलेले आहे. त्यात रचनाकाराच्या हातची टिपणे, कार्यक्रमपत्रिका, छायाचित्रे, दौऱ्यांचे कागद, ध्वनिफिती आणि चित्रफिती आहेत. ज्या कलेला लेखी संहितेची सवय नाही, जी एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे शिकवण्यातून जाते, तिचे दप्तर कसे तयार होते आणि ते नेमके काय सांभाळू शकते, याचा विचार करण्यास या संग्रहाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

कनिंगहॅम यांचा जन्म १९१९ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट्रेलिया या गावी झाला. मार्था ग्रॅहम यांच्या संस्थेत १९३९ ते १९४५ या काळात नर्तक म्हणून काम केल्यानंतर ते स्वतःच्या वाटेने निघाले, आणि १९५३ च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनातील ब्लॅक माउंटन कॉलेजात त्यांच्या संस्थेची स्थापना झाली. संगीतकार जॉन केज हे त्यांचे आयुष्यभराचे सहचर आणि सहकारी होते. नृत्य आणि संगीत एकाच वेळी, एकाच मंचावर घडावे, पण एकाने दुसऱ्याच्या मागे चालू नये, हे दोघांचे मूळ सूत्र होते. त्यामुळे नृत्य, संगीत, नेपथ्य आणि वेशभूषा यांची तयारी वेगवेगळी होई आणि हे सारे घटक बहुधा प्रयोगाच्या सुमारासच एकत्र येत. केज यांच्या विचारांना भारतीय संगीताचाही स्पर्श झाला होता, कारण १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आलेल्या गीता साराभाई यांनी त्यांच्याकडून पाश्चात्य संगीताचे धडे घेताना त्यांना भारतीय संगीताची ओळख करून दिली. पुढे १९६४ च्या जगदौऱ्यात ही संस्था भारतात आली, तेव्हा अहमदाबादेत साराभाई कुटुंबाने तिचे यजमानपद स्वीकारले.

या कार्यपद्धतीचा दप्तराशी थेट संबंध आहे. हालचालींचा क्रम आपल्या सवयीने किंवा आवडीने न ठरवता नाणी उडवून, म्हणजे यदृच्छेने, ठरविण्याची रीत कनिंगहॅम यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी अंगीकारली. यदृच्छेला कौल लावायचा, तर आधी शक्यतांची यादी करावी लागते आणि मिळालेला कौल लगेच लिहून ठेवावा लागतो. साहजिकच तक्ते, आकडे, बाणांच्या खुणा आणि काड्यांसारख्या मानवाकृती यांनी त्यांची पाने भरत गेली. ही पाने इतिहासासाठी लिहिलेली नव्हती. ती रचना करण्याचीच हत्यारे होती, आणि म्हणूनच रचनाकाराच्या मनाचा व्यवहार त्यांत इतक्या स्पष्टपणे उमटला आहे.

१९५८ च्या ‘समरस्पेस’ या रचनेवरून ही रीत ध्यानात येते. मंचाच्या दोन्ही बाजूंना मिळून सहा प्रवेशद्वारे धरली, आणि प्रत्येक द्वारातून प्रत्येक द्वाराकडे, तसेच निघालेल्या द्वाराकडेच परत, असे मार्ग मोजले, तर जाण्यायेण्याचा मार्ग एकच धरून त्यांची संख्या २१ होते. प्रत्येक मार्गासाठी कनिंगहॅम यांनी हालचालींचा एक संच ठरविला. त्यानंतर दिशा, वेग, उंचीची पातळी, कालावधी, नर्तकांची संख्या, त्यांनी एकत्र नाचायचे की स्वतंत्रपणे, अशा एकेका बाबीवर यदृच्छेचा कौल घेतला गेला. रॉबर्ट रॉशनबर्ग यांनी पडदा आणि नर्तकांचे घट्ट कपडे सारख्याच रंगीत ठिपक्यांनी रंगविले, त्यामुळे स्थिर उभा राहिलेला नर्तक मागच्या पडद्यात विरून जातो. १९७६ च्या ‘टॉर्स’मध्ये हिशेब याहून मोठा आहे. ‘ई चिंग’ या प्राचीन चिनी ग्रंथात सहा रेघांच्या ६४ आकृत्या आहेत आणि नाणी उडवून त्यांपैकी एक निवडली जाते. त्या संख्येला धरून कनिंगहॅम यांनी हालचालींची ६४ वाक्ये रचली आणि मंचाचेही ६४ चौकोन पाडले.

असे कागद कामापुरते वापरून झाले की एरवी रद्दीत जातात. ते राहिले, याचे मोठे श्रेय डेव्हिड व्हॉन यांना द्यावे लागते. मूळचे इंग्लंडचे असलेले व्हॉन १९५९ पासून कनिंगहॅम यांच्या नृत्यशाळेच्या कारभारात होते. १९७६ मध्ये ते संस्थेचे अधिकृत अभिलेखपाल झाले आणि संस्था बंद झाल्यानंतरही, २०१२ पर्यंत, त्यांनी हे काम केले. नृत्यसंस्थेने चालू कामाच्या बरोबरीने स्वतःचा अभिलेखपाल बाळगावा, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. रचनाकार हयात असताना, नर्तक हाताशी असताना तारखा पडताळून घेता येतात आणि छायाचित्रातील माणसे ओळखून घेता येतात. मागाहून हे काम दुप्पट कष्टांनीही तसे होत नाही. या साधनांच्या आधारे व्हॉन यांनी सिद्ध केलेला, कनिंगहॅम यांच्या ५० वर्षांच्या कार्याचा आढावा घेणारा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कागदाला पुढे चित्रफितीची जोड मिळाली. १९७० च्या दशकात चित्रपटकार चार्ल्स ॲटलस यांच्यासह कनिंगहॅम यांनी खास कॅमेऱ्यासाठी नृत्ये रचली, तसेच मंचावरील नृत्यांचेही चित्रण केले. ‘टॉर्स’चा चित्रपट तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांसाठी केलेला आहे, कारण समूहाचे चित्र आणि एकेका देहाचा तपशील एकाच चौकटीत मावत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते ‘लाइफ फॉर्म्स’ या संगणकप्रणालीवर आकृत्या हलवून हालचाली रचू लागले, आणि ही संगणकीय कामेही त्यांच्या वारशाचा भाग झाली.

वस्तूंचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६८ च्या ‘रेनफॉरेस्ट’मध्ये अँडी वॉरहॉल यांच्या, हेलियम वायूने भरलेल्या रुपेरी उशा मंचावर तरंगतात, तर जॅस्पर जॉन्स यांनी त्वचेच्या रंगाचे कपडे नर्तकांच्या अंगावर असतानाच ठिकठिकाणी फाडले. उशी जपता येते, तिचे तरंगणे जपता येत नाही. कापडावरची चीर जपता येते, मात्र ती ज्या देहावर पडली तो देह जपता येत नाही. संस्थेची नेपथ्ये आणि वेशभूषा मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरने २०११ मध्ये आपल्या संग्रहात घेतल्या. अशा जतनाची निकड पुढच्याच वर्षी दिसून आली. कनिंगहॅम यांची न्यूयॉर्कच्या वेस्टबेथ इमारतीतील जागा मार्था ग्रॅहम यांच्या संस्थेकडे गेली होती, आणि ऑक्टोबर २०१२ मधील सँडी वादळात इमारतीच्या तळघरात पाणी शिरून तेथे ठेवलेल्या ग्रॅहम संस्थेच्या नेपथ्याची व वेशभूषेची मोठी हानी झाली.

जून २००९ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, कनिंगहॅम यांची वारसा योजना जाहीर झाली. आपल्या पश्चात संस्थेने दोन वर्षांचा अखेरचा दौरा करावा आणि मग ती विसर्जित व्हावी, असे तीत ठरले होते. त्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू आर्मरीत शेवटचा प्रयोग झाला. रचनांचे हक्क सांभाळणाऱ्या न्यासाकडे ‘डान्स कॅप्सूल’ म्हणून ओळखले जाणारे अंकीय संच आहेत. एका रचनेची टिपणे, प्रयोगाची चित्रफीत, ध्वनिमुद्रण, प्रकाशयोजनेचे आराखडे, वेशभूषा व नेपथ्याची माहिती असे सारे साहित्य त्यात एकत्र बांधलेले असते, म्हणजे ती रचना पुन्हा उभी करणाऱ्याला दहा ठिकाणी शोधत फिरावे लागत नाही.

तरीही संच हाती आला म्हणजे नृत्य हाती आले, असे होत नाही. टिपण सांगते की पाय कोठे पडावा. चित्रफीत एका दिवशीचा एक प्रयोग दाखविते, आणि त्या दिवशी झालेली चूकही तितक्याच निष्ठेने दाखविते. धड एकीकडे वळत असताना पायांनी दुसरीच लय धरायची, तर भार नेमका केव्हा सोडावा, हे ज्याने तो भार पेलला आहे तोच शिकवू शकतो. १६ एप्रिल २०१९ रोजी कनिंगहॅम यांच्या जन्मशताब्दीनिमित्त लंडन, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे प्रत्येकी २५ नर्तकांनी त्यांच्या रचनांतील १०० एकल नृत्ये सादर केली, तेव्हा ती शिकविण्यासाठी संस्थेचे जुने नर्तक तालीमघरात उभे होते. कागदाने आणि चित्रफितीने जे राखले होते, ते त्यांनी आपल्या अंगातील स्मृतीशी ताडून पुढच्या पिढीला दिले. हे नर्तकही एक दिवस नसतील, आणि त्यांच्याकडून आज शिकणाऱ्यांनाच उद्या ही पाने वाचावी लागतील. म्हणून असे दप्तर राखणाऱ्यांनी कागदाइतकीच तो वाचता येणाऱ्या देहांचीही काळजी वाहणे आवश्यक आहे.