पहिला पैसा पाण्यावर

बाजारहत्नूरच्या शिवारात कापूस वेचणीची धांदल असते, त्याच दिवसांत गल्लीतल्या कुत्र्या व्यालेल्या असतात. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होतात तोवर आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण ओसरू लागतं, आणि त्यात आदिलाबादकडची थंडी. काल अंगणभर हुंदडणारं पिल्लू आज कोपऱ्यात पडून राहतं, ओकतं, आणि संध्याकाळपर्यंत त्याला उग्र वासाची रक्ताची हगवण लागते. बहुतेकदा हा पार्वो असतो.

हा विषाणू जगभरच्या कुत्र्यांत १९७८च्या सुमारास पसरला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी हे त्याचं लक्ष्य, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि हाडांतला मगज. अस्तर झडतं, पाणी वाहून जातं, आतड्यातले जंतू रक्तात शिरतात, आणि त्यांना अडवणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी पडलेल्या असतात. रक्त बघून घरचे घाबरतात, पण पिल्लाचा जीव जातो तो मुख्यतः शरीरातलं पाणी संपल्याने आणि त्या जंतूंनी. म्हणून हातात मजुरीचे मोजकेच पैसे असतील तर पहिला पैसा पाण्यावर, म्हणजे सलाईनवर खर्च करावा. टॉनिक नको, ताकद येण्याची बाटलीही नको. तपासणीची पट्टीसुद्धा नंतर, कारण लक्षणं इतकी उघड असताना तिच्या निकालाने उपचार फारसा बदलत नाही.

मग तोंडाने साखर-मिठाचं पाणी का नको? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले होते. पण पटकीत आतड्याचं अस्तर शाबूत राहतं, त्यामुळे साखरेबरोबर मीठ आणि पाणी आत ओढलं जातं. पार्वोत ते अस्तरच उरलेलं नसतं, आणि घोटभर पाजलं की पिल्लू दुप्पट ओकतं. ओकारी थांबेपर्यंत पाणी सुईवाटेच जायला हवं.

दवाखान्यात दिवसरात्र ठेवणं कुणाला परवडणार? अमेरिकेतल्या कोलोराडो राज्य विद्यापीठाने नेमका हाच प्रश्न घेतला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४० कुत्रे होते. सगळ्यांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं, मग निम्म्यांना दाखल ठेवलं आणि निम्म्यांवर घरी करतात तसे उपचार केले: कातडीखाली सलाईन, ओकारी थांबवणारं रोजचं इंजेक्शन, दीर्घकाळ टिकणारं एक प्रतिजैविक. दाखल ठेवलेल्यांपैकी ९० टक्के जगले, दुसऱ्या गटातले ८० टक्के. उपचार अजिबात मिळाले नाहीत तर बहुतेक पिल्लं दगावतात. हे आकडे पाहिले की घरची शुश्रूषा म्हणजे हेळसांड, असं कुणी म्हणू नये.

अभ्यासातल्या त्या घरच्यासारख्या उपचारांत सलाईन दिवसाला किलोमागे साधारण १२० मिली बसतं. तीन किलोच्या पिल्लाला ३६० मिली, म्हणजे रिंगर लॅक्टेटची अर्ध्या लिटरची एक बाटलीसुद्धा पुरी संपत नाही. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं. मानेमागची सैल कातडी उचलून सुई कशी घालायची, हे त्यांच्याकडून एकदा हाताने करून शिकून घ्यावं. डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली चालत नाही. तेलंगणात १९६२ या क्रमांकावर जनावरांची फिरती गाडी बोलावता येते. ती प्रामुख्याने गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांसाठी. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

बाकीचं काम हातांचं आहे, आणि खरा खर्च तिथेच होतो: कुणाला तरी वेचणीचा खाडा करून घरी थांबावं लागतं. पिल्लू गार पडू देऊ नये. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला द्यावी. ते लटपटू लागलं तर हिरड्यांना साखरेचं पाणी चोळावं आणि लगेच डॉक्टर गाठावा. दूध बंद. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात, जुलाब बांधणारी गोळीही आपल्या मनाने देऊ नये. दोन-तीन दिवस उपाशी ठेवायची जुनी पद्धत मात्र सोडायला हवी. २००३ सालच्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात नळीने लवकर अन्न दिलेली पिल्लं उपाशी ठेवलेल्यांपेक्षा आधी सावरली. घरी नळी नको. ओकारी आवरली की चमचा-चमचा पातळ भात आणि बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी पुरे.

एवढं करूनही काही पिल्लं जातात. शुद्ध हरपलेल्या पिल्लासाठी उधारी वाढवत राहण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं. त्यांनी शांत मरण द्यायचं सुचवलं तर ते ऐकण्यात निष्ठुरपणा नाही.

वाचलेलं पिल्लू पुढचे दोनेक आठवडे तरी दुसऱ्या पिल्लांपासून लांब बांधावं, कारण विष्ठेतून विषाणू पडतच राहतो. फिनेलने तो मरत नाही. फरशी आधी घासून घ्यायची आणि कपडे धुण्याचं साधं ब्लीच तीसपट पाण्यात मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवायचं. अंगणातली माती अशी धुता येत नाही आणि तिच्यात तो कित्येक महिने टिकतो. म्हणून त्या घरात नवं पिल्लू आणायचं तर लसीचे सगळे डोस आधी पुरे करावेत: सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत, दर तीन-चार आठवड्यांनी.