बागेच्या आधीची बाग

राणीच्या बागेची सहल झाली की दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्नांचा पाऊस पडतो. बहुतेक प्रश्न पेंग्विनबद्दलचे असतात. या वेळी मात्र सहावीतल्या एका मुलीने वेगळंच विचारलं, "बाई, बागा नव्हत्या तेव्हा शहरातले लोक फिरायला कुठे जायचे?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मसणात!" सगळा वर्ग हसला. मीही हसले.

गंमत म्हणजे तो मुलगा जवळजवळ बरोबर होता. आज आपण ज्याला सार्वजनिक उद्यान म्हणतो, त्याची अमेरिकेतली गोष्ट एका दफनभूमीपासून सुरू होते. ती बॉस्टन शहराबाहेर आहे आणि तिचं नाव माऊंट ऑबर्न.

गावात जागा उरली नाही

१८३० साली बॉस्टनची लोकसंख्या सुमारे ६१ हजार होती. माणसं मेली की चर्चच्या आवारात, चर्चखालच्या तळघरांत किंवा गावातल्या लहानशा दफनभूमीत पुरली जायची. शहर वाढत गेलं, पण या जागा तेवढ्याच राहिल्या. त्याच मातीत पुन्हा पुन्हा खणावं लागे. दुर्गंधी येई. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा माहीत नव्हतं, दूषित हवेमुळे आजार पसरतात असा समज होता. त्यामुळे लोकांना या जागांची भीती वाटायची.

जेकब बिगेलो नावाच्या डॉक्टरांनी १८२५ मध्ये काही मंडळींना घरी बोलावून हा विषय मांडला. ते डॉक्टर होते, तसेच वनस्पतींचे जाणकारही होते. शरीर मातीत मिसळून जाणं हा निसर्गाचा नियम आहे, मग ते दगडी तळघरात कोंडण्यापेक्षा झाडांखाली का नको, असं त्यांचं म्हणणं. कल्पना लोकांना पटली, पण जमीन मिळायला सहा वर्षं गेली.

माळ्यांची मदत

१८२९ मध्ये मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटी, म्हणजे बागकामाची आवड असणाऱ्यांची संस्था, स्थापन झाली. त्यांना रोपांचे प्रयोग करायला जागा हवी होती आणि बिगेलोंना दफनासाठी. दोघांनी एकत्र येऊन १८३१ मध्ये शहरापासून सुमारे सहा किलोमीटरवर ७२ एकर जमीन ६,००० डॉलरला घेतली. टेकड्या, दऱ्या, दलदल आणि जुनी झाडं अशी ती जागा होती. हार्वर्डचे विद्यार्थी तिथे आधीपासूनच भटकायला जात. २४ सप्टेंबर १८३१ रोजी झाडीतल्या एका खोलगट जागेत उघड्यावर समारंभ झाला आणि दफनभूमी सुरू झाली.

पॅरिसला १८०४ मध्ये सुरू झालेली पेर लाशेझ ही दफनभूमी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पण इथे त्यांनी जमिनीचा उंचसखलपणा तसाच ठेवला. रस्ते पट्टीने आखले नाहीत, टेकडीच्या वळणाने वळवले. वाटांना झाडाफुलांची नावं दिली. दलदलीची तळी झाली. १८३२ मध्ये प्राचीन इजिप्तच्या धर्तीवर एक भव्य दरवाजा उभा राहिला. तो होता लाकडी, पण दगडी दिसावा म्हणून रंगावर वाळू लावली होती! (हे सांगितलं की मुलं खूश होतात.) दहा-अकरा वर्षांनी तिथे खरा ग्रॅनाइटचा दरवाजा आला. १८५०च्या दशकात सर्वात उंच टेकडीवर ६२ फुटी मनोरा बांधला. त्यावरून बॉस्टन शहर दिसतं.

बागकाम संस्थेशी मात्र फार काळ जमलं नाही. १८३५ मध्ये दफनभूमी स्वतंत्र झाली. जागांच्या विक्रीतला ठरावीक वाटा बागकाम संस्थेला मिळत राहिला, आणि प्रयोगाच्या बागेची जमीन पुढे कबरींसाठी गेली.

सुंदर, पण कुणासाठी?

इथपर्यंत गोष्ट छान आहे. पण मुलांना पुढचाही भाग सांगावा, असं मला वाटतं.

एका कुटुंबासाठी ३०० चौरस फुटांची जागा मिळे. ती आपल्या वर्गखोलीहून लहान, आणि किंमत ६० डॉलर. मजुराची त्या काळची रोजची कमाई साधारण एक डॉलर किंवा त्याहून कमी. म्हणजे दोन महिन्यांची पूर्ण मजुरी! ज्यांनी जागा घेतल्या, त्यांनी भोवती लोखंडी कठडे आणि दगडी कडा बसवल्या. बागेत जणू शेकडो छोटी अंगणं झाली. कठडे गंजायचे, गवत कापता येईना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवस्थापनाने कठड्यांना विरोध सुरू केला आणि मोकळ्या हिरवळीवर भर दिला.

दरम्यान फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढतच होती. फिलाडेल्फियात १८३६ मध्ये आणि न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिनमध्ये १८३८ मध्ये तशाच दफनभूमी झाल्या, तिथेही तेच. हे पाहून अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग या उद्यानतज्ज्ञांनी १८४९ मध्ये मुद्दा मांडला: लोक दफनभूमीत एवढ्या हौसेने येतात, याचा अर्थ त्यांना बागांची गरज आहे. मग शहरांनी सर्वांसाठी बागा का करू नयेत? १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा निवडला गेला. त्यातले वळणदार रस्ते, तळी आणि टेकड्या पाहिल्या की माऊंट ऑबर्नची आठवण येते. फरक एवढाच, की इथे झाडाखाली बसायला कुणाची जागा विकत घेतलेली असावी लागत नाही.

जागा बदलत राहिली

माऊंट ऑबर्न आज सुमारे १७५ एकरांवर आहे. १८७२ मध्ये बिगेलोंनी तिथे यादवी युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ एक स्फिंक्स बसवून घेतला. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. १९०० मध्ये दहनाची सोय झाली. कवी लाँगफेलो तिथे आहेत, आणि गुलामगिरीतून सुटून स्वतःची कहाणी लिहिणाऱ्या हॅरिएट जेकब्सही. वसंतात स्थलांतर करणारे पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बिणी घेऊन माणसं जमतात. आणि आजही तिथे दफनविधी होतात.

आता आपली राणीची बाग

आपल्याकडे हीच गोष्ट उलटी घडली. १८३५ मध्ये शिवडीला सरकारने बागकाम-शेतीच्या एका संस्थेला वनस्पती उद्यानासाठी जमीन दिली होती. पुढे ती जागा युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली आणि १८६१ मध्ये बाग भायखळ्याला हलली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी ती लोकांसाठी उघडली. तीच ही राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान! लोकमान्य टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा शिवडीच्या दफनभूमीत चिरविश्रांती घेत आहेत.

बॉस्टनला दफनभूमीने बागेची वाट दाखवली, मुंबईत बागेने दफनभूमीला जागा दिली.

वर्गात काय करता येईल?

१. गावातल्या स्मशानाची, कबरस्तानाची किंवा दफनभूमीची जागा आधी कुठे होती, हे आजी-आजोबांना विचारून मुलांना लिहायला सांगा. गाव कसं वाढलं ते आपोआप कळतं.

२. ६० डॉलर आणि एक डॉलर मजुरी, हे गणित फळ्यावर मांडा. मग विचारा: बागेला तिकीट असावं का?

३. नुकतंच कुणाच्या घरी कोणी गेलं असेल, तर त्या मुलाला बोलायचं असल्यास बोलू द्या. घाई करू नका.

पालकांनाही एक विनंती. मूल असं काही विचारतं तेव्हा "असलं बोलू नये" म्हणून आपण विषय बंद करतो. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी उभं केलं आणि म्हटलं, "काल तुझं उत्तर बरोबर होतं." आधी त्याला वाटलं, ओरडा बसणार. मग तास संपेपर्यंत तोच सर्वात जास्त प्रश्न विचारत होता.