भंगारातील मायक्रोवेव्ह-रोहित्र

कतारगाममध्ये हिऱ्यांच्या घंटीमुळे व यंत्रमागांमुळे मोटार, तारा, स्विच या वस्तू मुलांच्या परिचयाच्या असतात. प्रयोगशाळेत हिरा वाढविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २.४५ गिगाहर्ट्‌झच्या सूक्ष्मलहरी घरगुती मायक्रोवेव्ह भट्टीतही असतात, हे कळल्यावर भंगारातील भट्टी उघडून पाहावी असे जिज्ञासू विद्यार्थ्यास वाटणारच. तिच्यातील जड रोहित्र काढून उच्च विद्युत्दाबाचे प्रयोग करणारे हौशी लोक जगभर आहेत.

हे रोहित्र २३० व्होल्टचे सुमारे २,००० व्होल्ट करते. जुन्या दूरचित्रवाणी संचातील फ्लायबॅक रोहित्र वीस-पंचवीस हजार व्होल्ट देते, त्याची ठिणगी लांब उडते. परंतु त्याचा प्रवाह थोड्या मिलिअँपिअरचाच. उलट मायक्रोवेव्ह-रोहित्राची ठिणगी मिलिमीटरभरही धड उडी घेत नाही. त्यामुळे ते सौम्य भासते, आणि घात होतो तो येथेच. ते अर्धा अँपिअर किंवा अधिक प्रवाह सहज देते. हृदयातून जाणारा शंभर मिलिअँपिअरचा प्रवाहही प्राण घेण्यास पुरेसा असतो.

घरात गळती ओळखणारा स्विच आहे, मग भय कसले, असा प्रश्न हमखास येतो. तो स्विच घरात येणाऱ्या व परत जाणाऱ्या प्रवाहांची तुलना करतो. रोहित्राच्या दुय्यम वेटोळ्याचे एक टोक लोखंडी गाभ्यालाच जोडलेले असते. दुसऱ्या टोकास हात लागला, तर प्रवाह शरीरातून गाभ्याकडे व तेथून त्याच वेटोळ्यात परततो. प्राथमिक बाजूस दोन्ही तारांतील प्रवाह समानच राहतात. स्विचला काही कळत नाही. फ्यूजचेही तेच. २,००० व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे १,००० वॅट. मुख्य तारेत जेमतेम साडेचार अँपिअर. सोळा अँपिअरचा फ्यूज तेवढ्याने वितळत नाही.

लाकडावर झाडाच्या फांद्यांसारख्या जळक्या नक्षी उमटविण्याचा छंद याच रोहित्रामुळे अमेरिकेत अनेकांच्या जिवावर बेतला. तेथील लाकूडकातकामाच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या कार्यक्रमांत त्यास बंदी घातली. या प्रकाराला जी. सी. लिख्टेनबर्ग यांचे नाव चिकटले आहे, पण त्यांनी अठराव्या शतकात पाहिलेल्या आकृती स्थिर विद्युतेने धुळीत उमटलेल्या होत्या.

रोहित्राचा उपयोग करावयाचाच, तर जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली दुय्यम वेटोळे काढून जाड केबलचे दोन-तीन वेढे घालावेत. दोन-तीन व्होल्टला शेकडो अँपिअर मिळून पातळ पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडता येतात. प्राथमिक बाजूस मात्र २३० व्होल्ट कायमच असतात. तसेच भट्टीचा प्लग काढल्यानंतरही तिच्या संधारित्रात प्रभार उरलेला असू शकतो. तो निचरून घेतल्याखेरीज पेटीत हात घालू नये.