पडद्यावरचा प्रचार आणि मनाचे दुखणे

ताप आला तर मुलगा आईला सांगतो. परंतु पंधरा दिवस झोप नाही, अभ्यासात वा खेळात मन लागत नाही, हे तो लपवितो. कारण 'येडा' हा शब्द बाहेर टपून बसलेला असतो. शिंदखेड्यात काय, दोंडाईच्यात काय, तो एकदा चिकटला की सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, जवळजवळ निम्मे मानसिक विकार अठराव्या वर्षापर्यंत सुरू होतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत त्यांचे प्रमाण सुमारे 7.3 टक्के आढळले. म्हणजे साठांच्या वर्गात चार. या वयाच्या हाती आज मोबाईल आहे, तेव्हा प्रचारही तेथेच पोहोचला पाहिजे. पण तो कसा असावा?

गोव्यात 1996 साली स्थापन झालेल्या 'संगत' संस्थेने 2017 साली 'इट्स ओके टू टॉक', म्हणजे 'बोलायला हरकत नाही', ही मोहीम काढली. तीत तरुणांनी आपले अनुभव आपल्याच शब्दांत मांडले. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात उभारलेली आय.पी.एच. ही संस्था 'आवाहन' या यूट्यूब वाहिनीवर मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून बोलते.

या प्रचाराचे मर्म काय? 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने 2022 साली सांगितले की, ज्याने दुखणे भोगले त्याच्याशी गाठ पडणे, हा कलंक घटविण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग होय. ही गाठ पडद्यावरही पडू शकते. आम्हा कामगार-चळवळीतील माणसांना हे नवे नाही. नुसते हस्तपत्रक वाचून सभासद होणारे थोडे. शेजारच्या मागावरचा 'मी पावती फाडली' म्हणाला, की दुसरा धीर करतो.

तथापि दोन पथ्ये हवीत. कोणाही मुलावर आपली कहाणी जाहीर करण्याची सक्ती नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. दुसरे, नुसते 'बोला' म्हणून भागत नाही, ऐकणारा हवा. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत असून तेथे मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक चित्रफितीच्या शेवटी आणि प्रत्येक शाळेच्या फळ्यावर असावा.

आणि चित्रफीत पाहून धीर आलेला मुलगा घरी बोलू लागला, तर आपण वडीलधाऱ्यांनी हसू नये. तेथे हसलो, तर मोबाईलवरची सारी मोहीम उंबरठ्यावरच संपेल.